पेशींची पकड

शेतकरी दिवसभर कुदळ चालवितो, गृहिणी राखेने भांडी घासते, हमाल पाठीवर धान्याचे पोते घेऊन जिना चढतो. ह्या साऱ्या कामांत त्वचा दाबली जाते, ताणली जाते, घासली जाते. तरीही ती उसवत नाही. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिचे कोणास नवल वाटत नाही. परंतु सूक्ष्मदर्शक यंत्रातून त्वचेचा पातळ काप पाहिला म्हणजे नवल वाटल्यावाचून राहत नाही. त्वचा हे अखंड कापड नव्हे. ती असंख्य पेशींची बनलेली आहे. प्रत्येक पेशीला स्वतःचे आवरण असते आणि प्रत्येक पेशी स्वतःचे अन्न घेऊन स्वतःचे आयुष्य जगत असते. तिचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास भरतो. अशा सुट्या कणांचा हा समुदाय एकसंध राहतो तो कशामुळे? आणि ज्या दिवशी त्यांतील एखादी पेशी शेजारणीचा हात सोडते, त्या दिवशी काय होते? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात एका शतकाहून अधिक काळ गेला. दुसऱ्या प्रश्नाचा संबंध तर कर्करोगासारख्या भयंकर व्याधीशी असल्याने हा शोध केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

भिंतीतील विटा जशा चुन्याने सांधलेल्या असतात, तशाच पेशीही एखाद्या चिकट द्रव्याने परस्परांस चिकटलेल्या असाव्यात, ही कल्पना मनात येणे साहजिक आहे. परंतु काही साध्या प्रयोगांनी ह्या कल्पनेला धक्का दिला. १९०० मध्ये कुर्ट हर्ब्स्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्री अर्चिन नावाच्या काटेरी सागरी प्राण्याचे कोवळे भ्रूण कॅल्शियम नसलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेविले. तेव्हा भ्रूणाच्या पेशी मेल्या नाहीत. मात्र त्या एकमेकींपासून अलग झाल्या. चुनखडीत असणाऱ्या ह्या धातूचा पेशींच्या संगतीशी काही तरी संबंध आहे, एवढे त्यावरून ध्यानात आले.

त्याहून मौजेचा प्रयोग १९०७ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत झाला. हेन्री विल्सन ह्यांनी जिवंत स्पंजाचे तुकडे बारीक विणीच्या रेशमी कापडात घेतले आणि ते कापड समुद्राच्या पाण्यात पिळले. दह्याचा चक्का पिळावा तशी ही कृती होय. कापडाच्या छिद्रांतून स्पंजाच्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडल्या आणि पाण्याच्या तळाशी गाळासारख्या बसल्या. प्राणी नाहीसा झाला, असेच पाहणारास वाटले असते. परंतु काही वेळाने त्या पेशी हलू लागल्या, एकमेकींना भेटू लागल्या, त्यांचे लहान लहान पुंजके झाले, आणि अखेरीस त्या पुंजक्यांतून पुनश्च स्पंज तयार झाले. दोन भिन्न जातींच्या स्पंजांच्या पेशी एकत्र कालविल्या, तर बहुधा प्रत्येक जातीच्या पेशी आपापल्या जातीशीच मिळतात, असेही दिसून आले. चुना वीट ओळखीत नाही. कोणतीही वीट त्याला सारखीच. पेशी मात्र आपले आणि परके ओळखतात. तेव्हा त्यांना जोडणारी वस्तू त्यांच्या अंगचीच असली पाहिजे.

ती वस्तू कोणती, हे कळावयास मात्र आणखी सत्तर वर्षे लागली, आणि तीही एका प्रयोगाच्या अपयशातून कळली. जपानमधील क्योतो येथील मासातोशी ताकेइची हे तरुण संशोधक सुट्या केलेल्या पेशी पुन्हा कशा एकत्र येतात, ह्याचा अभ्यास करीत होते. पेशी सुट्या करण्यासाठी ते ट्रिप्सिन वापरीत. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून मिळणारे पाचक द्रव्य असून ते प्रथिनांचे तुकडे करिते. १९७० नंतरच्या दशकात ताकेइची अमेरिकेत बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करावयास गेले. तेथे त्यांनी तोच प्रयोग करून पाहिला; परंतु क्योतोमध्ये सहज एकत्र येणाऱ्या पेशी येथे काही केल्या एकत्र येईनात. दुसरा एखादा प्रयोग फसला म्हणून पुढे गेला असता. ताकेइची ह्यांनी दोन्ही प्रयोगशाळांतील द्रावणे ताडून पाहिली. बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारे एक रसायन मिसळलेले होते. क्योतोच्या ट्रिप्सिनमध्ये ते नव्हते. त्यांनी तर्क केला तो असा: पेशीच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन असले पाहिजे. कॅल्शियमच्या सहवासात ते ताठ आणि सुरक्षित राहते, म्हणून ट्रिप्सिनला ते तोडता येत नाही. कॅल्शियम काढून घेतले की ते ढिले पडते आणि ट्रिप्सिन त्याचा फडशा पाडते. १९७७ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९८४ मध्ये ह्या प्रथिनाचे कॅडहेरिन असे नामकरण झाले. कॅल्शियम आणि चिकटणे ह्या अर्थांचे दोन शब्द एकत्र करून हे नाव घडविलेले आहे. हर्ब्स्ट ह्यांच्या अर्चिनाचे भ्रूण का विसकटले, ह्याचाही त्यामुळे उलगडा झाला.

केवळ तर्कावर विसंबून न राहता ताकेइची ह्यांच्या गटाने १९८७ मध्ये एक निर्णायक प्रयोग केला. उंदराच्या काही पेशी अशा असतात की, त्या परस्परांशी फारशा चिकटतच नाहीत. कॅडहेरिन कसे बनवावे, ह्याची माहिती ज्या जनुकात असते ते जनुक त्यांनी ह्या पेशींत घातले. पेशी कॅडहेरिन बनवू लागल्या आणि एकमेकींना बिलगून बसल्या. पुढे असेही दिसले की, कॅडहेरिन एका प्रकारचे नसून त्याचे एक मोठे कुळच आहे, आणि एका प्रकारचे कॅडहेरिन धारण करणाऱ्या पेशी दुसऱ्या प्रकारच्या पेशींपासून निराळ्या होऊन आपला वेगळा पुंजका करितात. स्पंजाच्या पेशींनी आपली माणसे ओळखावीत, तसाच हा प्रकार.

कॅडहेरिनचा रेणू पेशीच्या आवरणातून बाहेर डोकावणाऱ्या हातासारखा असतो. त्याच्या बाहेरील भागाला पाच पेरे असून पेरापेराच्या सांध्यावर कॅल्शियमचे कण बसलेले असतात. त्यांच्यामुळे तो हात ताठ राहतो. शेजारच्या पेशीचा असाच हात पुढे आलेला असतो. दोहोंची टोके परस्परांत गुंतली की पकड बसते. एका जोडीची पकड दुबळीच असते. परंतु अशा असंख्य जोड्या शेजारीशेजारी असल्यामुळे, काथ्याच्या बारीक तंतूंचा जसा दोर व्हावा, तशी त्यांची एकत्रित शक्ती मोठी होते. हात कितीही बळकट असला तरी तो खांद्याला जोडलेला असल्यावाचून उपयोग नाही. म्हणून आवरणाच्या आत कॅडहेरिनचे दुसरे टोक कॅटेनिन नावाच्या प्रथिनांनी पेशीच्या अंतर्गत तंतूंच्या सांगाड्याशी बांधलेले असते. साखळी ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले आहे, आणि ते यथार्थ आहे.

आता त्वचेकडे वळावयाचे. त्वचेच्या वरच्या थराला बाह्यत्वचा म्हणतात. शरीराच्या बहुतेक भागांवर तिची जाडी सुमारे एकदशांश मिलिमीटर असते. ह्या थराच्या अगदी तळाशी, सामान्य पेशींच्या रांगेत मधून मधून एक निराळी पेशी बसलेली दिसते. तिला रंगपेशी म्हणतात. तळरांगेतील दहा पेशींमागे साधारणपणे एक रंगपेशी असते. तिच्या अंगाला वृक्षाच्या फांद्यांसारखे फाटे असून त्या फाट्यांच्या द्वारे ती आसपासच्या सुमारे छत्तीस पेशींना मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य पुरविते. ह्या पेशी ते द्रव्य आपल्या केंद्रकावर छत्रीप्रमाणे धरितात आणि उन्हातील अतिनील किरणांपासून आपले रक्षण करितात. काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते; फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात व जातीत.

रंगपेशी आणि तिच्या शेजारणी ह्यांच्यामध्ये ई-कॅडहेरिन नावाचा दुवा असतो. हा दुवा तिला नुसता जागेवर धरून ठेवीत नाही, तर तिला शिस्तीतही ठेवितो. रंगपेशी एकटीच काचपात्रात वाढविली तर ती शिस्त सोडते. सामान्य त्वचापेशींच्या सहवासात पुन्हा ठेविली, आणि त्यांचा तिला प्रत्यक्ष स्पर्श झाला, म्हणजे ती पूर्ववत संयमाने वागू लागते, असे अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत मीनहार्ड हर्लिन आणि त्यांचे सहकारी ह्यांना आढळून आले. स्पर्शातून शेजारणीची जणू आज्ञाच तिच्यापर्यंत पोहोचत असते.

ह्याच रंगपेशीपासून मेलॅनोमा नावाचा कर्करोग उद्भवतो. त्वचेच्या कर्करोगांचे इतर प्रकार त्याच्याहून पुष्कळ अधिक प्रमाणात आढळतात. परंतु ते बहुधा जेथल्या तेथे वाढतात आणि वेळीच कापून काढले म्हणजे बरे होतात. मेलॅनोमा विरळ आहे, पण त्याची भटकण्याची प्रवृत्ती फार मोठी. पायाच्या बोटावर तिळाएवढा काळा डाग असावा आणि कालांतराने त्याच डागातील पेशी फुप्फुसात, यकृतात वा मेंदूत सापडाव्यात, असे त्याचे वर्तन असते. जॉन हंटर ह्या प्रसिद्ध स्कॉटिश शल्यवैद्याने १७८७ मध्ये एका रुग्णाच्या जबड्याजवळील अशी एक गाठ काढून जतन करून ठेविली होती. ती मेलॅनोमाचीच होती, हे तब्बल १९६८ मध्ये तपासणी होऊन निश्चित झाले. गोऱ्या वर्णाच्या लोकांत, विशेषतः ऑस्ट्रेलियासारख्या कडक उन्हाच्या देशात वस्ती केलेल्या गोऱ्या लोकांत, हा रोग अधिक आढळतो. भारतात तो विरळ आहे. परंतु तो जेव्हा होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तळपाय कोण रोज न्याहाळतो? काटा मोडला असेल, चामखीळ असेल, अशा समजुतीने त्या डागाकडे दुर्लक्ष होते आणि मोलाचा काळ निघून जातो.

काळ मोलाचा का, हे अमेरिकन वैद्य अलेक्झांडर ब्रेस्लो ह्यांनी १९७० मध्ये मोजून दाखविले. कापून काढलेल्या डागाचा उभा काप घेऊन तो त्वचेच्या पृष्ठभागापासून किती खोल उतरला आहे, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजले. रुग्णाचे भवितव्य डागाच्या रुंदीपेक्षा ह्या खोलीवर अवलंबून असते, असे त्यांना दिसले. एक मिलिमीटरपेक्षा उथळ डाग कापून काढला म्हणजे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. चार मिलिमीटरपेक्षा खोल गेलेल्या डागाची गोष्ट वेगळी. मेलॅनोमा प्रायः प्रथम बाह्यत्वचेतच आडवा पसरतो आणि मग केव्हा तरी खाली उतरू लागतो. आडव्या वाढीकडून उभ्या वाढीकडे होणारे हे वळण म्हणजेच खरा धोका होय. जीव आणि मृत्यू ह्यांमधील अंतर येथे तांदळाच्या दाण्याच्या लांबीहूनही कमी असते.

हे वळण घेताना पेशीत काय बदलते? ह्या प्रश्नाला पहिले उत्तर दिले ते फिलाडेल्फियाच्याच डेल कोमन ह्यांनी, १९४४ मध्ये. परस्परांना चिकटलेल्या दोन दोन पेशी घेऊन त्यांनी त्या काचेच्या अतिसूक्ष्म सुयांनी ओढून विलग केल्या. ओढताना सुई किती वाकते, त्यावरून किती जोर लागला हे कळे. निरोगी पेशी तोडावयास जितका जोर लागे, त्याच्या मानाने कर्करोगाच्या पेशी फारच थोड्या जोराने सुटत. तेव्हा कर्करोगाच्या पेशींची परस्परांवरील पकड सैल झालेली असते, आणि म्हणूनच त्या गळून इकडे तिकडे जातात, असे अनुमान निघाले. कॅडहेरिनचे नावही तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. त्या काळाच्या मानाने हे काम अत्यंत नाजूक होते, आणि त्यातील निरीक्षण आजही खरे ठरले आहे.

तथापि हे उत्तर अपुरे होते. केवळ पकड सुटण्यानेच कर्करोग पसरत असता, तर पेम्फिगस नावाच्या रोगातही तो पसरावयास हवा होता. ह्या रोगात रुग्णाचे रक्त आपल्याच त्वचेतील कॅडहेरिनच्या कुळातील एका प्रथिनावर हल्ला करिते. पेशींची पकड सुटते, त्वचेवर मोठमोठे फोड येतात, साल निघते. रुग्णाचे फार हाल होतात. परंतु सुटलेल्या त्या पेशी फुप्फुसात जाऊन घर करीत नाहीत. त्या निराधार होऊन मरतात. शेजार तुटलेल्या सामान्य पेशीने जगूच नये, अशी शरीराची योजना आहे. उलट प्रवासाला निघालेल्या पेशीला सोडणे जितके आवश्यक, तितकेच धरणेही आवश्यक असते. झाडावर चढणारा माणूस एक फांदी सोडतो ती दुसरी फांदी धरण्यासाठीच. दोन्ही हात सोडले तर तो चढणार नाही, पडेल. मेलॅनोमाची पेशी पकड गमावीत नाही; ती पकड बदलते.

हा बदल कसा होतो, त्याचा पुष्कळसा तपशील आता उपलब्ध आहे. पहिली गोष्ट म्हणजे ई-कॅडहेरिन कमी होते. पुष्कळदा ते बनविणारे जनुक शाबूतच असते, पण त्यावर दुसरे एक प्रथिन जाऊन बसते आणि त्याचे काम बंद पाडते. त्या प्रथिनाचे नाव मोठे गमतीचे आहे. ते प्रथम फळमाशीत सापडले आणि तेथील शास्त्रज्ञांनी त्याला गोगलगाय ह्या अर्थाचे स्नेल हे नाव दिले. ते ई-कॅडहेरिनचे जनुक दाबून टाकिते, हे २००० मध्ये सिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी मेलॅनोमाच्या पेशींतही तोच प्रकार आढळला. उन्हाचाही ह्यात हात आहे. अतिनील किरण पडले असता त्वचेच्या सामान्य पेशी एन्डोथेलिन नावाचे द्रव्य बाहेर टाकितात आणि त्या द्रव्यामुळे रंगपेशीवरील ई-कॅडहेरिन घटते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आले. ऊन जनुकांची हानी करिते, हे पूर्वीच ठाऊक होते. ते पेशीपेशींतील दुवाही सैल करिते, ही माहिती नवी होती.

दुसरी गोष्ट म्हणजे ई-कॅडहेरिनच्या जागी एन-कॅडहेरिन येते. हे प्रथिन एरवी मज्जासंस्थेच्या पेशींवर, तसेच आंतरत्वचेतील तंतुजनक पेशींवर व रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असते. कॅडहेरिन आपल्याच प्रकाराच्या कॅडहेरिनला धरिते, हे वर आलेच आहे. तेव्हा एन-कॅडहेरिन धारण केलेल्या रंगपेशीला बाह्यत्वचेतील जुन्या शेजारणी परक्या होतात, आणि खालच्या थरातील पेशी व रक्तवाहिन्या आपल्या होतात. तिची जात बदलली नाही, परंतु तिची सोयरीक बदलली. जुन्या शेजारणींची आज्ञा आता तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

परंतु बाह्यत्वचेतून खाली उतरावयाचे तर वाटेत एक अडसर असतो. बाह्यत्वचा एका पातळ पण चिवट पडद्यावर बसलेली असते. त्याला आधारपटल म्हणतात. ते कोलॅजन व लॅमिनिन ह्या प्रथिनांच्या जाळीचे बनलेले असते. त्याच्या खाली आंतरत्वचा. तिच्यात कोलॅजनच्या जाड दोऱ्यांचे रान माजलेले असते. येथे धरावयास शेजारची पेशी नसते, नुसते दोर असतात. त्यांना धरण्यासाठी पेशीजवळ इंटेग्रिन नावाची निराळी प्रथिने असतात. पायाने जमीन धरावी तसा त्यांचा उपयोग होतो. पेशी पुढील बाजूस इंटेग्रिनची पकड बसविते, अंग पुढे ओढते आणि मागील पकड सोडते. सुरवंट फांदीवरून सरकताना ज्याने पाहिला आहे, त्याला ही गती समजावयास अडचण पडणार नाही. १९९० मध्ये असे आढळून आले की, मेलॅनोमा आडवा वाढत असता त्याच्या पेशींवर नसणारे एक विशिष्ट इंटेग्रिन, तो खाली उतरू लागला की त्याच्या पेशींवर दिसू लागते. प्रवासाला निघण्यापूर्वी पेशीने जणू वहाणाच चढविल्या.

वाट अगदीच बंद असेल तर ती कापावी लागते. कोलॅजन कापणारे एक विकर १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर ह्यांना प्रथम सापडले, ते बेडकाच्या पिलाच्या शेपटीत. पिलाचा बेडूक होताना त्याची शेपटी नाहीशी होते. ती कोण खाऊन टाकितो, ह्याचा ते शोध घेत होते. अशा विकरांचे एक कुळच असून त्यांच्या गाभ्यात जस्ताचा कण असतो, आणि मनुष्याच्या शरीरात जखम भरून येण्यासारख्या कामांत त्यांचा नित्य उपयोग होतो. कर्करोगाच्या पेशी हीच हत्यारे वापरून आधारपटलाला भोके पाडितात. ज्या पेशी अधिक दूरवर पसरतात त्यांची आधारपटल कापण्याची शक्तीही अधिक असते, हे १९८० मध्ये लान्स लिओटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

रक्तवाहिनीत शिरल्यावर तरी पेशीचे काम फत्ते झाले, असे म्हणावे काय? तसे मुळीच नाही. १९७० मध्ये आयझाया फिडलर ह्यांनी उंदराच्या मेलॅनोमाच्या पेशींना किरणोत्सर्गी द्रव्याची खूण करून त्या उंदरांच्या रक्तात सोडल्या आणि त्यांचे काय होते ह्याचा माग काढला. एका दिवसानंतर शंभरांतील एखादीच पेशी जिवंत होती. आणि नवी गाठ निर्माण करण्यापर्यंत पोहोचणाऱ्या पेशी हजारांत एक इतक्याही नव्हत्या. रक्ताचा वेग, अरुंद केशवाहिन्या आणि शरीराचे संरक्षक दल ह्यांनी बाकीच्यांचा निकाल लाविला. ज्या थोड्या वाचतात त्यांना पुनश्च पकडीचीच गरज असते: वाहत्या रक्तातून थांबण्यासाठी वाहिनीच्या अस्तराला धरावयाचे, त्यातून बाहेर पडावयाचे, परमुलखात नव्या शेजारणींशी जुळवून घ्यावयाचे. स्टीफन पॅजेट ह्या इंग्रज शल्यवैद्याने १८८९ मध्येच स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ रुग्णांची माहिती तपासून असे म्हटले होते की, बी कोठेही पडले तरी ते योग्य भूमीतच रुजते. कोणती भूमी कोणत्या बीजाला धरते, हे ठरविण्यात ह्या पृष्ठभागावरील प्रथिनांचा वाटा मोठा आहे.

एवढे कळल्यावर ह्या प्रथिनांवरच घाला घालावा, असे वाटणे स्वाभाविक होते. विस्टार संस्थेतील संशोधकांनी २००० मध्ये मेलॅनोमाच्या पेशींत ई-कॅडहेरिनचे जनुक पुन्हा घातले. त्या पेशी त्वचापेशींना पुन्हा धरू लागल्या, त्यांच्या वाढीला लगाम बसला, आणि प्रयोगशाळेत रचलेल्या कृत्रिम त्वचेत त्यांचे खाली घुसणे मंदावले. परंतु काचपात्रातील यश रुग्णालयात उतरविणे सोपे नसते. जस्तयुक्त विकरांना थोपविणारी औषधे १९९० नंतरच्या दशकात तयार झाली, रुग्णांना देऊन पाहिली गेली, आणि निरुपयोगी ठरली. उलट रुग्णांचे सांधे व स्नायू मात्र दुखू लागले. इंटेग्रिनविरुद्ध केलेल्या औषधांनीही निराशाच केली. असे का व्हावे, ह्यावर काही प्रकाश काटारिना वोल्फ व पीटर फ्रीडल ह्यांच्या २००३ मधील निरीक्षणांनी पडला. कर्करोगाच्या पेशींची कापण्याची हत्यारे बंद केली असता त्या थांबल्या नाहीत. त्यांनी आपला आकार गोल व लवचिक केला आणि अमीबासारख्या त्या कोलॅजनच्या दोऱ्यांमधील फटींतून अंग चोरून निघून गेल्या. पुढील दरवाजाला कुलूप घातले म्हणून चोर परत गेला नाही. तो खिडकीतून शिरला. मेलॅनोमाच्या उपचारात अलीकडे जी खरी प्रगती झाली आहे, ती बव्हंशी निराळ्या मार्गांनी झाली. शरीराच्या संरक्षक पेशींवरील लगाम सैल करणारी औषधे २०११ पासून वापरात आली, आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या शोधांबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो ह्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांमुळे रोग दूरवर पसरलेले काही रुग्णही कित्येक वर्षे जगू लागले आहेत.

सोयरीक बदलणे, वाट कापणे, फटींतून निसटणे ही कसब रंगपेशीने कोठून शिकावी? ती तिला नव्याने शिकावी लागत नाही. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पाठीच्या मध्यरेषेवर, जेथे पुढे मज्जारज्जू होतो तेथे, पेशींचा एक पट्टा असतो. रंगपेशींचे पूर्वज तेथे जन्मतात. तेथून ते शेजार सोडतात आणि आंतरत्वचेतून लांबचा प्रवास करीत साऱ्या शरीरभर जातात. बाह्यत्वचेत शिरावयाच्या सुमारास त्यांच्या अंगावर ई-कॅडहेरिन वाढते आणि तेथे त्या स्थिर होतात. म्हणजे मेलॅनोमाची पेशी हाच प्रवास उलट दिशेने करीत असते. २००६ मध्ये अमेरिकेत पॉल कुलेसा, मेरी हेन्ड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनुष्याच्या मेलॅनोमाच्या पेशी, ज्या शरीरात दूरवर पसरणाऱ्या जातीच्या होत्या, कोंबडीच्या अंड्यातील कोवळ्या गर्भाच्या पाठीवर नेमक्या ह्या पट्ट्याजवळ ठेविल्या. त्या पेशी तेथून निघाल्या, आणि गर्भाच्या स्वतःच्या पेशी ज्या वाटांनी जात होत्या त्याच वाटांनी चालू लागल्या. त्यांनी तेथे गाठी केल्या नाहीत. त्यांतील काहींनी तर रंगपेशीची खूण असलेले, पूर्वी त्यांच्यात नसलेले एक प्रथिन पुन्हा बनविण्यास आरंभ केला.